न सांगता कापली जाणारी वर्गणी



व्याख्यानमालेत इतिहास ऐकावा, साहित्य ऐकावे, देशाच्या अर्थकारणावर कोणा जाणत्याचे विवेचन ऐकावे. खात्यातून दरमहा एकशे एकोणपन्नास रुपये कोठे जातात, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे की, हाही अर्थकारणाचाच विषय आहे. ज्याला देशाचा जमाखर्च समजून घ्यावयाचा आहे, त्याने आधी स्वतःच्या खात्याचा उतारा वाचावयास शिकले पाहिजे. पदवीधरांना हे सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्या शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माणसाला नसेल; परंतु पगाराच्या पावत्या वाचण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत, आणि त्या आधारावरच मी बोलणार आहे.

मोबाइलवरून पैसे देण्याची रीत आता भाजीच्या पाटीपर्यंत पोचली आहे. ती मोठी सोय आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु या सोयीबरोबर घरात दोन प्रकारची गळती शिरली आहे. पहिल्या प्रकारात आपण कधीतरी, कोठेतरी ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट ठेवलेले असते आणि त्या एका बोटाच्या जोरावर महिन्यामागून महिने पैसे कापले जातात. दुसऱ्या प्रकारात आपण काहीच मान्य केलेले नसते. कोणी चोर आपल्या कार्डाचे आकडे मिळवून त्यावर खरेदी करतो. कायद्याच्या दृष्टीने पहिला व्यवहार आहे आणि दुसरा गुन्हा. पण सामान्य माणसाला दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात, ते म्हणजे खात्याच्या उताऱ्यातील एका ओळीत. आणि दोन्हींवर पहिला उपायही एकच: ती ओळ वेळेवर वाचणे. आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. बाकीचा वेळ मी ते का आणि कसे, हे सांगण्यात घेणार आहे.

वर्गणी म्हणजे काय, ते आधी पाहू. संघटनेची वर्गणी दोन प्रकारांनी गोळा होते. एक, पगाराच्या दिवशी दाराशी उभे राहून, हातात पैसे घेऊन आणि हातात पावती देऊन. दुसरा, पगारातून परस्पर कापून. पहिल्या प्रकारात सभासद विचारतो, “मागच्या महिन्यात तुम्ही काय केलेत?” उत्तर पटले नाही तर तो पुढच्या महिन्यास हात आखडता घेतो. दुसऱ्या प्रकारात हा प्रश्न हळूहळू बंद पडतो. संघटना चांगली असो वा वाईट, पैसा येतच राहतो. कार्यकर्त्याला ही सोय गोड वाटते, हे मी नाकारीत नाही. पण हातातून द्यावयाच्या पैशाचा हिशेब माणूस मागतो आणि परस्पर कापल्या जाणाऱ्या पैशाचा मागत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. मोबाइलवरील पुष्कळसा व्यापार याच स्वभावावर उभा आहे. ‘मौनं संमतिलक्षणम्’ असे एक वचन आहे. ज्या दुकानदाराने तुमच्या मौनाला संमती ठरविले, त्याला तुम्हांला पुन्हा विचारण्याची गरजच उरत नाही.

हा प्रश्न नवा नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच साली, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्या उठावात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकाराच्या घरातील खते आणि रोखे बाहेर काढावयाचे आणि जाळावयाचे. का? तर त्या कागदावर अंगठा आपला होता, पण मजकूर आपला नव्हता. काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हते, किती फेडले हे दाखविणारी पावती त्याच्याजवळ नव्हती, आणि हिशेबाची वही एकाच पक्षाच्या हाती होती.

त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. रोखे गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले गेले पाहिजेत, असे त्याने ठरविले. आणि फेडलेल्या पैशाची पावती, वर्षाकाठी हिशेब व वेळोवेळी पासबुकात नोंद मागण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. पुढे या कायद्याखालील खास न्यायाधीश म्हणून रानडे यांनीच काम केले. आपण पासबुक म्हणतो, ते बँकेने कृपाळू होऊन दिलेले चोपडे नव्हे. ऋणकोने धनकोकडून मिळविलेला तो एक हक्क आहे, याची आठवण राहावी म्हणून मी हे सांगितले.

कारखान्यातही हीच लढाई झाली. विणकराच्या हातून कापड बिघडले की ते कापडच त्याच्या गळ्यात बांधावयाचे आणि किंमत पगारातून वळती करावयाची, ही मुंबईच्या गिरण्यांतील एके काळची रीत. दंड किती आणि कशाबद्दल, याला धरबंध नव्हता. १९३६ सालच्या वेतन प्रदान कायद्याने प्रथम असे ठरविले की, कायद्याने ज्या कपाती मान्य केल्या आहेत तेवढ्याच कपाती मालक करू शकेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली. तत्त्व मात्र तेच आहे. ते तत्त्व असे: ज्याचा पैसा, त्याच्या जाणतेपणी दिलेल्या संमतीवाचून किंवा कायद्याच्या स्पष्ट आधारावाचून तो कापता येत नाही.

आता हेच तत्त्व मोबाइलवर लावून पाहू. आमचा एक सभासद सुरक्षारक्षक आहे. मुलीच्या अभ्यासासाठी त्याने मोबाइलवर एक ॲप घेतले. जाहिरातीत लिहिले होते, ‘सात दिवस फक्त १ रुपया’. त्याने पिन घालून एक रुपया दिला. मुलीने ते दोन दिवस पाहिले, तिला ते आवडले नाही, आणि त्याने ॲप मोबाइलमधून काढून टाकले. विषय संपला, असे त्याला वाटले. सातव्या महिन्यात त्याच्या दुचाकीच्या कर्जाचा हप्ता खात्यात पैसे कमी पडल्याने परत गेला आणि बँकेने वर दंड लावला. उतारा काढला तेव्हा दिसले की, त्या ॲपच्या नावाने दरमहा ३९९ रुपये, याप्रमाणे सात वेळा २,७९३ रुपये गेले होते.

येथे घडले काय, ते नीट समजून घ्या. एक रुपया देताना त्याने जो पिन घातला, तो एका रुपयासाठी नव्हता. तो पुढील सर्व हप्ते कापण्याची परवानगी देण्यासाठी होता. या परवानगीला ‘मँडेट’ किंवा ‘ऑटोपे’ म्हणतात. एक रुपयाचा आकडा मोठा लिहिलेला होता आणि ३९९ चा बारीक. दुसरी गोष्ट, ॲप काढून टाकणे म्हणजे परवानगी रद्द करणे नव्हे. दुकानाची पायरी चढणे सोडले म्हणून दुकानातील उधारीचे खाते बंद होत नाही, तसेच हे आहे. परवानगी जेथे नोंदलेली असते तेथे जाऊनच ती मोडावी लागते.

या बाबतीत आपल्याकडे नियम आहेत, आणि ते चांगले आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये कार्डावरून वारंवार कापल्या जाणाऱ्या रकमांसाठी नियम केले, जानेवारी २०२० मध्ये ते यूपीआयलाही लावले, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून त्यांची पूर्ण अंमलबजावणी सुरू झाली. त्यांप्रमाणे परवानगी नोंदताना ग्राहकाची जादा खातरजमा झाली पाहिजे. प्रत्येक रक्कम कापण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी कोणासाठी, किती आणि कधी हे कळविले पाहिजे. त्या सूचनेतूनच नकार देण्याची सोय असली पाहिजे. आणि ग्राहकाला परवानगी केव्हाही विनामूल्य मागे घेता आली पाहिजे. ठराविक मर्यादेच्या वरची रक्कम असेल तर प्रत्येक वेळी नव्याने मान्यता लागते. ही मर्यादा जून २०२२ मध्ये बहुतेक व्यवहारांसाठी १५,००० रुपये करण्यात आली.

मग त्या सुरक्षारक्षकाला सूचना आली नव्हती काय? आली होती. सातही वेळा आली होती. पण इंग्रजीत, आणि दिवसाकाठी येणाऱ्या कर्जाच्या नि जमिनीच्या जाहिरातींच्या पन्नास संदेशांत मिसळून. नियम पाळला गेला आणि माणूस मात्र अंधारात राहिला. एकोणिसाव्या शतकातील शेतकऱ्याला रोखा वाचता येत नव्हता. एकविसाव्या शतकातील कामगाराला वाचता येते, पण वाचण्याजोगे काय आणि टाकून देण्याजोगे काय, हे त्या गर्दीत ओळखता येत नाही. फरक असलाच तर एवढाच आहे.

ही लबाडी आपल्याच देशात चालते असे समजू नका. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने जून २०२३ मध्ये ॲमेझॉन कंपनीवर खटला भरला. आरोप असा की, कंपनीने ग्राहकांना ‘प्राइम’ या वर्गणीत त्यांच्या स्पष्ट संमतीवाचून ओढले आणि बाहेर पडण्याची वाट मुद्दाम लांबविली. त्या बाहेर पडण्याच्या वाटेला कंपनीच्या आत ‘इलियड’ हे नाव होते, असेही आयोगाने म्हटले. इलियड हे ग्रीकांचे प्रदीर्घ युद्धाचे महाकाव्य. नाव ठेवणाऱ्याला आपण काय करीत आहोत याची जाणीव असावी! सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोष कबूल न करता २५० कोटी डॉलर देण्याची तडजोड केली; त्यांपैकी १५० कोटी ग्राहकांना परत करण्यासाठी होते. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा फसव्या रीती नावानिशी सांगून त्यांना मनाई केली आहे. वर्गणीचा सापळा ही त्यांतली एक. न मागितलेली वस्तू गुपचूप बिलात घालणे ही दुसरी. ‘आत्ताच घ्या, दोनच उरल्या’ अशी खोटी घाई लावणे ही तिसरी. तेव्हा ‘आपणच बावळट’ असे मानून गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

आता दुसरा प्रकार, म्हणजे सरळ चोरी. बहुतेक कार्डांवर पुढे सोळा आकडे, मुदतीची तारीख आणि मागे तीन आकडे असतात. एवढे हाती आले की कार्ड हाती आल्यासारखेच. आपल्या देशातील दुकानात खरेदी करताना त्यावर ओटीपीचे कुलूप असते. पण परदेशी संकेतस्थळावर ते कुलूप लागेलच असे नाही. म्हणूनच पुष्कळांना पडणारा प्रश्न, ‘मी तर ओटीपी कोणाला सांगितला नाही, मग पैसे गेले कसे?’ याचे उत्तर येथे आहे. चोर बहुधा आधी दहा-वीस रुपयांची लहान रक्कम काढून पाहतो. ती कोणी हटकली नाही, तर मोठा हात मारतो. तेव्हा अनोळखी नावाने गेलेले दहा रुपये हे दहा रुपयांचे नुकसान नव्हे. दाराची कडी हलवून पाहिल्याचा तो आवाज आहे.

त्यावर सोपा बंदोबस्त आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये बँकांना सांगितले की, कार्डाचा परदेशातील वापर, इंटरनेटवरील वापर, हे सर्व ग्राहकाला स्वतः चालू-बंद करता आले पाहिजे आणि रकमेची मर्यादाही घालता आली पाहिजे. बँकेच्या ॲपमध्ये ही बटणे असतात. ज्याला परदेशातून काही मागवावयाचे नाही त्याने परदेशी वापराचे बटण बंद ठेवावे. घरातील न वापरायच्या खोलीला आपण कुलूप घालतोच की नाही? आणि एक गोष्ट पाटीवर लिहून ठेवावी अशी: पैसे मिळण्यासाठी पिन कधीच घालावा लागत नाही. पिन घालणे म्हणजे देणे. ‘तुम्हांला परतावा पाठवितो, पिन घाला’ असे म्हणणारा माणूस, मग तो कितीही अदबीने बोलो, चोर आहे. तसेच वीजबिलाच्या, पेन्शनच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने अनोळखी माणसाने पाठविलेली फाइल मोबाइलवर उतरवून घेऊ नये. तिच्यातून आपले ओटीपी परस्पर वाचले जाऊ शकतात.

इतके करूनही पैसे गेले तर? येथे वेळेचे महत्त्व आहे, आणि माझ्या विषयातील खरी कळकळीची गोष्ट हीच. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी दिवसांवर मोजली. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा चोरीत बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर एका पैशाचाही बोजा नाही. चार ते सात दिवसांत कळविले, तर बोजा मर्यादित. साध्या बचत खात्याला ही मर्यादा १०,००० रुपये ठेवली गेली. सात दिवस उलटले की बँकेच्या संचालक मंडळाचे धोरण जे असेल ते. कळविल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करावी आणि नव्वद दिवसांत तक्रारीचा निकाल लावावा, असेही त्यात आहे. ग्राहकाचा दोष असेल तर तो सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला आहे. ज्याने स्वतःच ओटीपी सांगितला, त्यालाही एक आधार ठेवला आहे: बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे कोणत्याही बाजूने पाहिले तरी कळविण्याचा क्षण महत्त्वाचा.

पण नेमके हेच होत नाही. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्या घराघरांत मुरलेली आहे. निवृत्त झालेले गृहस्थ मुलाला सांगत नाहीत, कारण तो म्हणेल, ‘बाबा, तुम्हांला मोबाइल झेपत नाही.’ सून सासूला सांगत नाही. कामगार बायकोला सांगत नाही. आणि या लाजेत तीन दिवस निघून जातात. चोराचे मोठे भांडवल आपली लाज हे आहे. म्हणून घरातील जाणत्यांना माझी विनंती आहे की, कोणी असे सांगत आले तर पहिल्या तासात त्याला रागावू नका. आधी बँकेला फोन करून कार्ड किंवा खाते बंद करावयास सांगा. लगोलग १९३० हा सायबर गुन्ह्यांसाठीचा क्रमांक फिरवा. तेथे लवकर कळले तर पैसा चोराच्या खात्यात अडविता येण्याची शक्यता असते. बँकेकडे लेखी तक्रार द्या, तिचा क्रमांक आणि वेळ टिपून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तोंडी तक्रारीला मुळे नसतात. कागद हवा, ही संघटनेतील पहिली शिकवण येथेही लागू आहे.

उतारा वाचण्याचा आणखी एक फायदा सांगतो. सगळ्याच कपाती वाईट नसतात. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस पुष्कळांच्या खात्यातून ४३६ रुपये आणि २० रुपये कापले जातात. जून २०२२ पासूनचे हे प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याचे हप्ते होत. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास आणि दुसऱ्यात अपघाती मृत्यू आल्यास दोन लाख रुपये वारसाला मिळावयाचे. पण हप्ता जातो हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या बायकोला विमा आहे हे कोठून ठाऊक असणार? न ओळखलेली वाईट कपात आपल्याला लुटते, आणि न ओळखलेली चांगली कपात आपल्या वारसाला वंचित ठेवते.

तेव्हा करावयाचे काय? महिन्यातून एक रविवार ठरवा. खात्याचा आणि कार्डाचा उतारा समोर घ्या. प्रत्येक ओळीपुढे दोनच शब्दांपैकी एक लिहा, ‘ओळखीची’ किंवा ‘अनोळखी’. अनोळखी ओळ कितीही लहान असली तरी सोडू नका. मग यूपीआयच्या ॲपमधील ‘ऑटोपे’ हा भाग उघडा, मोबाइलच्या ॲप-दुकानातील वर्गण्यांची यादी उघडा, बँकेच्या ॲपमधील मँडेटची यादी उघडा. नको ते तेथल्या तेथे रद्द करा. फुकट किंवा एक रुपयाची नवी वर्गणी घेतलीच, तर मुदत संपण्याच्या दोन दिवस आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि हे काम एकट्याने करू नका. सोसायटीत, पेन्शनरांच्या कट्ट्यावर, महिला मंडळात चार जण मिळून करा. एकाला न समजलेली ओळ दुसऱ्याला समजते, आणि चौघांची एकच तक्रार निघाली की तिला वजन येते.

केवळ सावधगिरीवर सर्व भार टाकणे मात्र न्यायाचे नाही. वर्गणीत शिरावयास जितकी बोटे लागतात, तितक्याच बोटांत बाहेर पडता आले पाहिजे, आणि कपातीची सूचना ग्राहकाच्या भाषेत आली पाहिजे, या दोन मागण्या आपण लावून धरल्या पाहिजेत. अमेरिकेत ‘शिरणे सोपे तसे निघणेही सोपे’ असा नियम २०२४ साली केला गेला आणि जुलै २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने तो रद्द ठरविला. नियम आपोआप येत नाहीत आणि आलेले आपोआप टिकत नाहीत. सुप्याच्या शेतकऱ्याला पासबुकाचा हक्क मिळावयास जाळपोळ आणि चार वर्षे लागली. आपल्याला तो आयता मिळाला आहे. न वाचलेल्या पासबुकाचा उपयोग मात्र पासबुक नसण्याइतकाच.

या महिन्याचा उतारा ज्यांनी अजून पाहिला नसेल, त्यांनी उद्या सकाळी पाहावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.